अंगावरचा उजेड: दिव्यांचं जॅकेट घरच्या घरी कसं करावं

माझं पहिलं जॅकेट टेबलावर झकास पेटलं होतं. पाठीवर २४ दिवे, उजव्या बाहीवर ६. अंगात घातलं, हात वर करून आरशात पाहिलं आणि बाहीतले सहाच्या सहा दिवे गेले. हात खाली केला की परत लागायचे. अख्खी रात्र मी प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले. प्रोग्रॅम बिचारा ठीक होता. कोपरापाशी तार आतल्या आत तुटली होती आणि हात सरळ असला की तिची दोन टोकं एकमेकांना टेकत होती.

कापड वाकतं, ताणलं जातं, घामानं भिजतं, धुतलं जातं. सर्किटला यातलं काहीच आवडत नाही. पुढे जे काही सांगणार आहे, ते या दोघांना एकत्र नांदवायचं कसं एवढंच आहे. इलेक्ट्रॉनिक्स त्यात फार अवघड नाही. शिवणकामच जास्त आहे. २००७ मध्ये लिआ ब्यूक्ली यांनी घडवलेला लिलीपॅड आर्डुइनो, म्हणजे कपड्यात शिवायचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, बाजारात आला, तेव्हा त्यातली खरी गंमत चिपमध्ये नव्हती. ५० मिलिमीटर व्यासाच्या त्या गोल बोर्डाच्या कडेला भोकं होती आणि तो बटणासारखा कापडावर शिवता येत होता.

आधी कपडा, मग दिवे

सुरुवातीला जाड, न ताणणारं कापड घ्या: डेनिम, कॅनव्हास, जाड सुती. अस्तर असलेलं जॅकेट मिळालं तर फारच छान, कारण तारा, गाठी, बोर्ड असा सगळा पसारा अस्तराच्या आत दडवता येतो आणि अंगालाही टोचत नाही. होजिअरीच्या टी-शर्टवर काम करायचं असेल, तर दिवे येणार त्या जागी आतून बक्रम किंवा इस्त्रीनं चिकटणारं फ्यूझिंग लावून घ्या. ताणणाऱ्या कापडावर दोरा ताणत नाही, टाका तुटतो.

आता कपडा अंगात घाला आणि कोणाच्या तरी हाती शिंप्याचा खडू द्या. हात वर करा, पाठीमागे न्या, खाली बसा, बुटाची नाडी बांधायला वाका. जिथे जिथे कापडाला चुण्या पडतात तिथे खुणा करून घ्या. कोपर, काख, कमरेचा मागचा भाग, गुडघा इथे हमखास खुणा होतील. या जागा दिव्यांना आणि जोडांना वर्ज्य. खांद्याखालचा पाठीचा वरचा पट्टा, कॉलर, छातीचा बाहेरचा भाग, मनगटाची पट्टी, टोपीची कड या जागा जवळजवळ हलत नाहीत, म्हणून दिव्यांना उत्तम. बाहीवर दिवे हवेतच असतील तर खांद्याच्या शिवणीपाशी तारेला बोटभर ढील देऊन एक वळसा ठेवा. हे मी तेव्हा केलं नव्हतं.

खुणा झाल्या की कपड्याचं चित्र कागदावर काढा. दिवा कुठे, बॅटरी कुठे, प्लसची वाट लाल पेन्सिलीनं, मायनसची काळ्या. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर दिव्यांची जागा थोडी सरकवून पाहा. कागदावर तासभर डोकं खाजवलं, तर कापडावरचं आठवडाभराचं उसवणं वाचतं.

कुठल्या जातीचा दिवा

साधे एलईडी सगळ्यांत स्वस्त आणि समजायला सोपे. त्यातही शिवण्यासाठी दोन भोकं दिलेले चपटे एलईडी मिळतात. ते नसतील तर नेहमीच्या दोन पायांच्या एलईडीचे पाय बारीक पकडीनं गोल वळवायचे, म्हणजे शिवायला कडी तयार होते. लांब पाय प्लसचा असतो. वळवल्यावर लांबी कळत नाही, म्हणून प्लसची कडी गोल आणि मायनसची चौकोनी करायची सवय लावून घ्या.

तांब्याच्या बारीक तारेवरची मिणमिणत्या दिव्यांची तयार माळ म्हणजे आळशी माणसाचं वरदान, आणि हे मी कौतुकानं म्हणते. एका संध्याकाळी काम होतं. जाळीदार कापडाच्या दोन थरांमध्ये माळ पसरायची, साध्या दोऱ्यानं दर ३ ते ४ सेंटिमीटरवर टाका घालून ती बसवायची आणि बॅटरीची डबी खिशात सोडायची. पहिल्यांदाच करणाऱ्यानं आणि ज्याला कार्यक्रम उद्यावर आहे त्यानं इथेच थांबावं.

चमकणारी ईएल वायर दिसायला निऑनसारखी अखंड रेघ. कपड्याच्या कडा, कॉलर, चित्राची बाह्यरेषा यांना तिच्यासारखी दुसरी शोभत नाही. पण तिला बॅटरीची सरळ वीज चालत नाही. मध्ये इन्व्हर्टर लागतो, तो सुमारे १०० व्होल्टची वेगानं उलटसुलट होणारी वीज तयार करतो आणि चालू असताना बारीक किणकिणतो. शांत सभागृहात तो आवाज ऐकू येतो. कापलेलं टोक उघडं राहिलं तर झणका बसतो, म्हणून टोकावर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी) नळी चढवलीच पाहिजे.

चौथी जात पिक्सेलची, म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी सारख्या एलईडींची. प्रत्येकाच्या पोटात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आणि एक छोटी चिप. एकाच डेटा तारेवरून शंभर दिव्यांना वेगवेगळे रंग सांगता येतात. मोठं काम आपण याच पिक्सेलवर करणार आहोत.

सराव: तीन दिव्यांचा बिल्ला

जॅकेटला हात लावण्यापूर्वी तळहाताएवढ्या फेल्टवर हे करून पाहा. सामान थोडंच आहे: एकाच रंगाचे तीन शिवायचे एलईडी (लाल किंवा पिवळे), सीआर२०३२ हा नाण्यासारखा बटण सेल आणि त्याचा शिवता येणारा होल्डर, वाहक (वीज वाहून नेणारा) दोरा, मोठ्या नेढ्याची सुई, एक धातूचं टिचबटण, पारदर्शक नेलपॉलिश.

एकाच रंगाचा आग्रह कशाला? लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात. पांढऱ्या, निळ्या आणि हल्लीच्या हिरव्या एलईडीला ३ च्या आसपास लागतात. दोघांना एकाच वाटेवर शेजारी बसवलं की लाल दिवा जवळपास सगळा करंट ओढून घेतो आणि पांढरा नुसता मिणमिणतो किंवा लागतच नाही. हे कोडं बहुतेकांना एकदा तरी पडतं.

वाहक दोरा म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा. स्टीलचा दोरा काळा पडत नाही, पण हट्टी असतो. पीळ सोडतो, गाठ उसवतो, नेढ्यात जाताना टोक फिसकटतं. टोक कात्रीनं तिरकं कापा आणि जेमतेम हातभर दोरा घ्या. लांब घेतला की गुंता होणारच.

आधी क्रोकोडाइल क्लिपनं (चिमटे लावलेल्या तारेनं) होल्डर आणि एकेक दिवा जोडून पेटतो का ते बघा. शिवून झाल्यावर उलटा दिवा सापडला की रडू येतं. मग दिवे आणि होल्डर फेल्टवर ठेवून साध्या दोऱ्याच्या एकेका टाक्यानं जागच्या जागी धरा. सगळ्या दिव्यांची प्लसची भोकं एका बाजूला, मायनसची दुसऱ्या बाजूला.

होल्डरच्या प्लसच्या भोकातून सुई चार-पाच वेळा आतबाहेर काढा. प्रत्येक वेळी दोरा ताणून धातूवर घट्ट बसवा, कारण वीज जाते ती या स्पर्शातूनच. सैल वेढा म्हणजे लुकलुकणारा दिवा. तिथून ३ ते ४ मिलिमीटरचे लहान टाके घालत धावदोऱ्यानं पहिल्या दिव्यापर्यंत जा, त्याच्या प्लसच्या भोकात पुन्हा चार वेढे, दोरा न तोडता पुढच्या दिव्याकडे, असं करत तिसऱ्यावर गाठ मारा. मायनसची वाट नव्या दोऱ्यानं तशीच. एकच लांब दोरा प्लसवरून मायनसवर वळवायचा मोह होईल. तसं केलं की शॉर्ट, म्हणजे वीज दिवे टाळून सरळ प्लसवरून मायनसवर जाते.

गाठीची शेपटं अर्ध्या सेंटिमीटरहून लांब ठेवू नका. दोन शेपटं एकमेकांना लागली की सेल गरम होतो आणि तासाभरात संपतो. बिल्ला पेटला याची खात्री झाल्यावरच गाठीवर नेलपॉलिशचा थेंब टाका. आधी टाकला आणि तो धातू आणि दोऱ्याच्या मध्ये शिरला, तर वीज अडते.

आता टिचबटण. होल्डर आणि पहिला दिवा यांच्यामधला प्लसचा दोरा कापा. एका टोकाला बटणाचा नर भाग, दुसऱ्याला मादी भाग शिवा, आणि हे दोन भाग एकमेकांत बसतील अशा जागी ठेवा, म्हणजे एक भाग कापडाच्या पट्टीवर. बटण लावलं की दिवा लागतो, काढलं की विझतो. हीच युक्ती जॅकेटच्या गळ्यापाशी केली, तर जॅकेट बंद करताच दिवे लागतात. विकतच्या कुठल्याही स्विचपेक्षा मला हा आवडतो, कारण तो मुळात कपड्याचाच भाग आहे.

मशिनवर शिवायचं असेल तर वाहक दोरा बॉबिनमध्ये भरा आणि वर साधा दोरा लावा. वाहक रेघ कापडाच्या खालच्या बाजूला येते आणि वरचा ताण थोडा कमी केला की तुटतही नाही.

दोऱ्याला किती पेलवतं

तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अशा अंतरासाठी आपण शून्यच धरतो. दोऱ्याचं तसं नाही. स्टीलचा दोरा जाडीप्रमाणे मीटरला साधारण ३० ते ५० ओहम दाखवतो. आपल्या रिळावरचा मल्टीमीटरनं (वीज मोजायच्या छोट्या यंत्रानं) मोजून घ्या. समजा ४० भरला. जॅकेटच्या खालच्या खिशापासून खांद्यापर्यंत १ मीटर जायचं आणि १ मीटर यायचं, म्हणजे ८० ओहम. त्यातून २० मिलिअँपिअर न्यायचे म्हटलं, तर १.६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ३ व्होल्टच्या सेलमधून दिव्याच्या वाट्याला उरले १.४, आणि लाल दिव्यालाही २ च्या आसपास लागतात. दिवा विझत नाही, तो कमी करंट घेऊन मंद जळतो.

म्हणून बॅटरी दिव्यांच्या जवळ ठेवा, किंवा त्याच वाटेवर दोन-तीन वेळा दोरा फिरवा. दुहेरी दोऱ्यानं रेझिस्टन्स निम्मा होतो. यात एक फायदाही लपलेला आहे. छोट्या शिवलेल्या सर्किटमध्ये दोरा आणि सेल मिळूनच करंट आवरतात, त्यामुळे वेगळा रेझिस्टर बहुधा लागत नाही. तारेनं जोडलंत तर मात्र लागतो. ३ व्होल्ट आणि २ व्होल्टचा लाल दिवा यांत उरलेल्या १ व्होल्टला दिव्यातून न्यायच्या ०.०१ अँपिअरनं (म्हणजे १० मिलिअँपिअरनं) भागा: १०० ओहम.

सीआर२०३२ ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. १० मिलिअँपिअर घेतले तर कागदावर २२ तास निघतात. प्रत्यक्षात हा सेल अगदी थोड्या करंटसाठी बनवलेला असल्यामुळे प्रकाश त्याच्या कितीतरी आधी उतरू लागतो.

प्लस-मायनसच्या वाटा कुठेतरी छेदणारच असतील, तर एक कापडाच्या वरून न्या आणि दुसरी खालून, मध्ये फेल्टचा तुकडा घाला. टेपवर भरवसा ठेवू नका, घामानं सुटते.

आता जॅकेट

पाठीवर २० पिक्सेलचं नक्षत्र करू. आकार तुम्हाला हवा तो: सप्तर्षी, वेलीची वेटोळी, पावसाचे थेंब. इथे वाहक दोरा बाजूला ठेवायचा. हे पिक्सेल पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येकी ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतात, म्हणजे २० मिळून १.२ अँपिअर. दोऱ्यातून एवढं जाणं शक्यच नाही. सिलिकॉनच्या आवरणाची, आत पुष्कळ बारीक तंतू असलेली मऊ तार घ्या. एकाच जाड तंतूची कडक तार पुन्हापुन्हा वाकली की मोडते.

कपड्याला सरळ शिवण्याऐवजी सगळं एका वेगळ्या कापडी पॅनेलवर बसवा. काळ्या कॅनव्हासचा पाठीएवढा तुकडा, त्यावर पिक्सेल आणि तारा, आणि ते पॅनेल अस्तराच्या आत टिचबटणांनी अडकवायचं. जॅकेटच्या पाठीला प्रत्येक ताऱ्याच्या जागी छोटं छिद्र पाडून काजं करतात तसे टाके घाला, किंवा छिद्र नको असेल तर विरळ विणीचं कापड निवडा, ज्यातून उजेड झिरपतो. धुवायची वेळ आली की पॅनेल बाहेर काढायचं. या एका निर्णयानं जॅकेटचं आयुष्य कितीतरी वाढतं.

पिक्सेलवर बाण असतो. डेटा त्या बाणाच्या दिशेनंच वाहतो, एकाच्या बाहेरून दुसऱ्याच्या आत. पॅनेलवर खडूनं वाट काढा, पिक्सेल कापडी गोंदानं टेकवा आणि मग तारा मोजून कापा, प्रत्येक तुकडा अंतरापेक्षा १ सेंटिमीटर जास्त. प्रत्येक टप्प्याला तीन तारा: पॉवर (प्लस), ग्राउंड (मायनस), डेटा. सोल्डरिंग (तापलेल्या आयर्ननं कथील वितळवून जोडणं) करताना पिक्सेलवरचा पॅड आणि तार दोन्हींवर आधी कथलाचा पातळ थर द्या, मग एकमेकांवर टेकवून एक-दोन सेकंद आयर्न धरा. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात धुवा.

तार तुटते ती मध्येच कुठे नाही. कथील संपून मऊ तंतू जिथे सुरू होतात त्या रेषेवर तुटते. कथील तारेत झिरपून ती जागा कडक होते आणि सगळा वाक तिथेच येतो. उपाय असा, की प्रत्येक जोडावर लवचीक गोंदाचा ठिपका द्यायचा आणि जोडापासून अर्ध्या-एक सेंटिमीटरवर तार साध्या दोऱ्याच्या दोन आडव्या टाक्यांनी कापडाला बांधून टाकायची. ओढ बसली तर ती टाक्यांवर बसेल, जोडावर नाही. माझ्या पहिल्या जॅकेटमध्ये हे दोन टाके असते तर ती रात्र झोपेत गेली असती.

पहिल्या पिक्सेलच्या आधी डेटा तारेत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर आणि पॉवर-ग्राउंडमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा. कपॅसिटरवरची पट्टी मायनसकडे. जोडणीच्या क्षणी येणारा विजेचा झटका तो झेलतो. दिव्यांना डेटा पाठवणाऱ्या बोर्डाचं (त्याबद्दल पुढे) ग्राउंड आणि बॅटरीचं ग्राउंड जोडलेलं हवंच, नाहीतर दिवे वेड्यासारखे रंग बदलतात.

बोर्ड ३.३ व्होल्टचा आणि पिक्सेल ५ व्होल्टवर असतील, तर डेटाचा इशारा पिक्सेलला कमी पडू शकतो. त्यांना पुरवलेल्या व्होल्टेजच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट, इशारा लागतो. कपड्यांत यावर सोपी वाट आहे: पिक्सेल सरळ ३.७ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर चालवा. त्यांचा नेहमीचा व्होल्टेज ५ आहे, पण ३.७ वरही ते चालतात, जरा मंद. अंगावरच्या दिव्याला मंदच बरं.

बॅटरी

इथे मात्र चालवून घेणं नको. लिथियम पॉलिमर बॅटरी हलकी आणि ताकदवान, पण शॉर्ट झाली, टोचली गेली किंवा चेपली तर पेट घेऊ शकते. आत संरक्षक सर्किट असलेलीच घ्या. तिला जाड कापडाचा स्वतंत्र खिसा शिवा, तोही जॅकेटच्या बाहेरच्या थरात, जिथे बसताना दाब येत नाही आणि एका हिसक्यात काढता येईल असा. कनेक्टर धरून ओढा, तारा धरून नाही. फुगलेली दिसली की तिचा उपयोग संपला. जॅकेट अंगात असताना चार्ज करू नका.

पॉवर बँकचं काम जास्त निर्धास्त, फक्त वजन जास्त. तिच्यात एक खोड असते: करंट फार कमी झाला की अनेक पॉवर बँक काम संपलं असं समजून स्वतःच बंद होतात. दिवे पूर्ण विझणारा नमुना असेल तर जॅकेट मध्येच गप्प होतं. काही दिवे कायम पेटते ठेवले की बहुधा भागतं. शिवाय वेष्टनावरचा मिलिअँपिअर-तासांचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो; ५ व्होल्टवर त्यातले साधारण दोन-तृतीयांशच हाती लागतात.

हिशेब करून पाहा. २० पिक्सेल, उजेड एक-पंचमांश: १२०० भागिले ५ म्हणजे २४० मिलिअँपिअर. पिक्सेल काळे दिसत असतानाही त्यांच्या चिप प्रत्येकी सुमारे १ मिलिअँपिअर खातात, ते २०. एकूण २६०. १००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर पावणेचार तास. हे सगळे दिवे पांढरे धरून झालं. एकाच रंगात खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो.

बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं. मुलांच्या कपड्यात सेलची डबी स्क्रूनं बंद होणारीच हवी.

प्रोग्रॅम

आर्डुइनोच्या जातीचा कुठलाही छोटा बोर्ड चालेल. पिक्सेलसाठी तयार लायब्ररी असतात. उदाहरणं चढवून बघा आणि आकडे बदला. मला सांगायच्या त्या तीन गोष्टी. सगळ्यात आधी, प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच उजेडाची कमाल मर्यादा घाला, २५५ पैकी ५०. दुसरं, डोळ्याला उजेड आकड्यांच्या प्रमाणात दिसत नाही. १२८ हा २५५ चा निम्मा असला तरी दिसतो जवळजवळ पूर्णच. दिवा श्वास घेतल्यासारखा हळूहळू उमलायला हवा असेल तर गॅमा दुरुस्तीचं फंक्शन वापरा, नाहीतर तो भसकन उजळतो. आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झपझप उघडझाप करू नका. काहींना त्यातून अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि कपडा तर तुमच्या अंगावर असतो. बघणाऱ्याला चॅनेल बदलता येत नाही.

सेन्सर जोडायचा तर हालचाल ओळखणारा अॅक्सेलेरोमीटर आधी घ्या. चालताना प्रत्येक पावलागणिक एक तारा चमकतो, थांबलं की सगळे मंदावतात. आवाजावर नाचणारे दिवे ऐकायला छान वाटतात, पण गर्दीच्या गोंगाटात ते सतत पेटलेलेच राहतात.

दिवा दिसू नये, उजेड दिसावा

नंगा एलईडी डोळ्यात टोचणारा ठिपका असतो, आणि घरी केलेला कपडा हौशी दिसतो तो बहुतेक वेळा यामुळेच. पांढऱ्या फेल्टचा एक थर किंवा ऑर्गंझाचे दोन-तीन थर दिव्यावर घालून अंधारात बघा. थर आणि दिवा यांत जितकं अंतर, तितका ठिपका पसरतो. टेबल टेनिसच्या चेंडूचा अर्धा भाग टोपीसारखा बसवला तर सुरेख गोळा होतो. कापूसही चालतो, फक्त तो गरम दिव्यावर नाही, थंड एलईडीवरच. दिवे बाहेरच्या बाजूला न रोखता आतल्या पांढऱ्या कापडाकडे वळवून बघा. घडीच्या आतून परतून येणारा उजेड सगळ्यांत मऊ दिसतो. खरेदीला जाण्याआधी एक दिवा आणि घरातल्या सगळ्या चिंध्या घेऊन बसा.

बिघाड, धुणं, प्रवास

बॅटरी लावण्यापूर्वी मल्टीमीटर बीपवर ठेवून प्लस आणि मायनसला टेकवा. बीप सतत वाजली तर कुठेतरी शॉर्ट आहे, बॅटरी लावू नका. कपॅसिटर बसवलेला असेल तर सुरुवातीला क्षणभर वाजून थांबेल, ते ठीक. दिवे सातव्यापर्यंत लागून आठव्यापासून बंद असतील, तर दोष सातव्याच्या बाहेर पडणाऱ्या किंवा आठव्याच्या आत जाणाऱ्या डेटात. शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी पिवळट-लालसर दिसत असतील तर तिथपर्यंत व्होल्टेज पोचत नाही. दुसऱ्या टोकालाही पॉवरच्या तारा जोडा. दिवे लुकलुकत असतील तर कपडा मुद्दाम हलवा, एकेक जोड बोटांनी दाबा. दोषी जोड तिथल्या तिथे सापडतो.

धुताना बॅटरी आणि पॅनेल बाहेर. शिवलेला बिल्ला असेल तर सेल काढून गार पाण्यात हातानं, पिळायचा नाही, सावलीत पूर्ण वाळू द्या. चांदीच्या मुलाम्याचा दोरा काळपट पडत जातो आणि त्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून वर्षभर वापरायच्या कपड्याला स्टीलचा बरा.

विमानतळावर हे जॅकेट अंगात घालून जाऊ नका. २००७ मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावर एक विद्यार्थिनी छातीवर उघडं सर्किट आणि दिवे लावलेला स्वेटशर्ट घालून गेली आणि बंदूकधारी पोलिसांनी तिला घेरून अटक केली. बॅटरी काढून हातातल्या सामानात, बाकी जॅकेट घडी करून बॅगेत. घडी घालताना पॅनेलला दुमड पडू देऊ नका, टॉवेलभोवती सैल गुंडाळा.

आणि कार्यक्रमाला निघताना खिशात तीन सेफ्टी पिना, हातभर वाहक दोरा ओवलेली सुई आणि एक भरलेली बॅटरी टाका. तुटलेल्या वाटेवर आडवी लावलेली धातूची सेफ्टी पिन तेवढी संध्याकाळ सहज निभावून नेते.